फराहबाग : पाण्यातला महाल

(अहमदनगर येथे निजामशाहीच्या काळात बांधलेला एक महाल आणि त्याची बाग यांची माहिती या पाठात दिली आहे. कमी पावसाच्या मुलुखात पाणी आणून माणसांनी बाग कशी फुलवली आणि पाण्याची देखभाल सुटल्यावर तिचे काय झाले, ते पाठ वाचताना लक्षात घ्या.)

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही ठाण्यात, मुंब्र्यात, कल्याणात किंवा डोंबिवलीत राहत असाल, तर पाऊस तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. जुलै महिन्यात रुळांवर पाणी साचते, लोकल थांबतात आणि शाळेला अचानक सुट्टी मिळते. ठाण्याला तर तलावांचे शहर म्हणतात. तिथला मासुंदा तलाव आणि कल्याणचा काळा तलाव तुम्ही पाहिलाच असेल. आपल्या भागात वर्षाला सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे बाग करायची झाली, तर पाणी कुठून आणायचे हा प्रश्न आपल्याला फारसा पडत नाही.

आता अशा एका शहराचा विचार करा, जिथे वर्षाला सुमारे ५५० ते ६०० मिलिमीटरच पाऊस पडतो. तिथे कोणी मोठा तलाव करावा, तलावाच्या मधोमध महाल बांधावा आणि सभोवती बाग लावावी, हे खरे वाटते का? पण हे खरोखर घडले आहे. त्या शहराचे नाव अहमदनगर. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर असे झाले. जवळपासची माणसे त्याला नुसते ‘नगर’ म्हणतात. आणि तिथल्या त्या महालाचे नाव फराहबाग.

चला, आज आपण तिथे जाऊ या.

कल्याणहून नगरला जाणारा रस्ता सुमारे २०० किलोमीटरचा आहे. एस.टी.ची गाडी मुरबाड, टोकावडे ही गावे मागे टाकते आणि माळशेज घाट चढू लागते. घाटाच्या खाली तुम्हांला भाताची खाचरे दिसतात. घाट चढून गेलात की ओतूर, आळेफाटा ही गावे लागतात आणि शेते बदलू लागतात. भात संपतो; बाजरी, ज्वारी आणि कांदा दिसू लागतो. हवाही कोरडी लागते. असे का होते? समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात आणि आपले बहुतेक पाणी कोकणात व घाटमाथ्यावर सांडतात. पलीकडे जाणाऱ्या वाऱ्यात पाणी कमीच उरते. अशा प्रदेशाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. नगर याच प्रदेशात येते.

कोकणातून वर देशावर जाण्याचा हा प्रवास फार जुना आहे. माळशेजपासून जवळच नाणेघाट आहे. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहन राजांच्या काळात, कल्याण बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून नाणेघाटातून जुन्नरला नेत असत. म्हणजे तुमचे कल्याण आणि वरचा मुलूख यांचे नाते रेल्वे येण्याच्या कितीतरी आधीचे आहे.

जुन्नरपासूनच आपल्या फराहबागेची गोष्ट सुरू होते. मलिक अहमद हा बहमनी राज्याचा एक सरदार जुन्नरला होता. १४९० मध्ये तो स्वतंत्र झाला आणि त्याने निजामशाहीची स्थापना केली. पुढे त्याने सीना नदीच्या काठी नवे शहर वसवले. त्याच्या नावावरून त्या शहराला अहमदनगर हे नाव मिळाले. आपले कल्याणही निजामशाहीच्या अमलाखाली होते. १६३६ मध्ये निजामशाही संपल्यावर ते विजापूरच्या आदिलशाहीकडे गेले आणि १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी ते घेतले.

फराहबाग बांधली गेली, तेव्हा मुर्तझा निजामशाह गादीवर होता. त्याने १५६५ ते १५८८ पर्यंत राज्य केले. महालाचे पहिले बांधकाम पसंत न पडल्यामुळे ते पाडून पुन्हा बांधले, असे सांगितले जाते. हे काम सलाबतखान या वजिराच्या देखरेखीखाली १५८३ मध्ये पूर्ण झाले. मुर्तझा निजामशाह पुढे पुढे राज्यकारभारातून लक्ष काढून एकांतात राहू लागला. लोक त्याला ‘दीवाना’ म्हणत. राजा एकांतात आणि कारभार वजिरांच्या हाती, असे ते दिवस होते.

‘फराहबाग’ या नावाचा अर्थ तुम्हांला शिकवावा लागणार नाही. मूळ नाव ‘फरहबख्श बाग’. ‘फरह’ म्हणजे आनंद आणि ‘बख्श’ म्हणजे देणारा. आनंद देणारी बाग ती फरहबख्श बाग. लोकांच्या बोलण्यात हे लांब नाव झिजले आणि ‘फराहबाग’ किंवा ‘फऱ्याबाग’ झाले.

फराहबाग शहराच्या आग्नेय दिशेला, सोलापूर रस्त्याच्या बाजूला आहे. जवळच लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे. मोठमोठे रणगाडे पाहायला मुले तिथे हौसेने जातात. पण थोड्याच अंतरावरचा महाल पाहायला त्यांतली फार थोडी येतात. तुम्ही मात्र या.

महालाजवळ पोहोचल्यावर घाई करू नका. आधी पायांखालची जमीन पाहा. महालाच्या चारही बाजूंना खोलगट जागा आहे. तिथे गवत वाढलेले असते. हाच तो जुना तलाव. आता तो बहुतेक काळ कोरडा असतो. डोळे मिटून क्षणभर असे समजा, की ही सगळी खोलगट जागा पाण्याने भरली आहे. पाण्यात महालाचे प्रतिबिंब पडले आहे. एका बाजूने बांधलेली वाट पाण्यातून महालापर्यंत गेली आहे. तलावाच्या पलीकडे झाडांच्या रांगा आहेत आणि झाडांमधून पाण्याचे पाट वाहत आहेत. बाग आज दिसत नाही. ती अशी मनातच उभी करावी लागते.

आता महाल पाहा. चौकोनी इमारतीचे चारही कोपरे कापले, तर तिला किती बाजू होतील? आठ. फराहबागेचा महाल तसाच आहे. त्याच्या चार मोठ्या बाजूंना उंच उंच कमानी आहेत. कमानीतून आत गेलात की मधोमध एक मोठे दालन लागते. त्याची उंची दोन मजल्यांएवढी आहे आणि वर घुमट आहे. या दालनाभोवती लहानमोठ्या खोल्या आहेत. त्यांवर सपाट गच्ची आहे. भिंती दगड-चुन्याच्या असून त्यांवर चुन्याचा गिलावा होता. काही ठिकाणी तो अजून टिकून आहे. काही ठिकाणी मात्र तो गळून पडला आहे आणि आतले ओबडधोबड दगड दिसतात.

मध्ये एक दालन आणि त्याभोवती आठ जागा, अशा रचनेला ‘हश्त बिहिश्त’ म्हणतात. ‘हश्त’ म्हणजे आठ आणि ‘बिहिश्त’ म्हणजे स्वर्ग. बांधकामाची ही रीत इराणकडून भारतात आली. नगरला गेलात, तर तुम्हांला एक गोष्ट ऐकायला मिळेल. फराहबाग पाहून बादशाह शाहजहानला ताजमहालाची कल्पना सुचली, अशी ती गोष्ट आहे. ऐकायला छान वाटते. पण थोडा विचार करा. दिल्लीची हुमायूनची कबर याच रीतीची आहे आणि ती फराहबागेच्या आधी, १५७२च्या सुमारास, पूर्ण झाली होती. मग शाहजहानला ही रीत पाहण्यासाठी नगरला येण्याची काय गरज? ऐकलेली गोष्ट मजेने ऐकावी. पण ती खरी मानण्यापूर्वी पुरावा शोधावा.

महाल तलावातच का बांधला? शोभेसाठी, हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर तुमच्या घरातल्या माठात आहे. माठातले पाणी थंड का होते? माठाच्या अंगातून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते उष्णता शोषून घेते. नगरच्या कोरड्या हवेत पाण्याची वाफ लवकर होते. उन्हाळ्यात तापलेला वारा तलावावरून येई, पाण्याला लागून थोडा थंड होई आणि उंच कमानींतून महालात शिरे. उंच घुमटाखाली गरम हवा वर चढे आणि खाली बसणाऱ्यांना गारवा वाटे. विजेचा पंखा नव्हता, त्या काळातली ही युक्ती होती.

पण एवढे पाणी आले कुठून? फराहबागेतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. त्याचे उत्तर महालात सापडत नाही. त्यासाठी शहराबाहेर नजर टाकावी लागते. नगरच्या आसपास टेकड्या आहेत. त्यांच्या पायथ्याला कापूरवाडी, शेंडी अशा गावांच्या बाजूला पाण्याचे झरे आणि विहिरी होत्या. निजामशाहीच्या काळात तिथून शहराकडे आणि राजवाड्यांकडे अनेक नहरी काढल्या गेल्या. जमीन खणून त्यात भाजलेल्या मातीचे नळ घालत. या नळांना खापरी नळ म्हणतात. एका नळाचे तोंड दुसऱ्यात बसवत, सांधा चुन्याने पक्का करत आणि वर पुन्हा माती लोटत. अशी लांबच लांब नळांची रांग मैलोगणती जाई.

पंप नसताना पाणी इतक्या दूर कसे जाई, हे तुम्ही घरी करून पाहू शकता. एक बादली स्टुलावर ठेवा आणि दुसरी जमिनीवर. रबरी नळी पाण्याने भरून तिचे एक टोक वरच्या बादलीत आणि दुसरे खालच्या बादलीत सोडा. पाणी आपोआप खाली येते. नळांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत थोडासा उतार ठेवला, की पाणी स्वतःच चालत राहते. उतार जास्त झाला, तर पाण्याच्या जोराने नळ फुटतात. कमी झाला, तर गाळ साचतो. हा उतार नेमका साधणे, ही त्या काळच्या कारागिरांची विद्या होती. नळात हवा अडकू नये आणि गाळ काढता यावा, म्हणून ठिकठिकाणी उघडी तोंडे किंवा बांधीव मनोरे ठेवावे लागत. मराठीत त्यांना ‘उच्छ्वास’ म्हणतात. जमिनीखालच्या नळाने सोडलेला श्वासच तो!

हीच विद्या पुढे मलिक अंबरने वापरली. तो निजामशाहीचा शेवटचा मोठा वजीर. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने खडकी येथे शहर वसवले आणि तिथे नहरीने पाणी आणले. ते शहर म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. ती नहर ‘नहर-ए-अंबरी’ या नावाने प्रसिद्ध आहे.

आता फराहबाग ओसाड का झाली, ते पाहू. मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला, तेव्हा चांदबीबीने किल्ला लढवला. ती मुर्तझा निजामशाहची बहीण. १६०० मध्ये तिची हत्या झाली आणि त्याच वर्षी किल्ला मोगलांच्या हाती गेला. दरबार उठला. बागेत राहणारे गेले आणि बागेची काळजी घेणारेही गेले. महाल दगडाचा, तो उन्हापावसात उभा राहिला. पण मातीचे नळ वर्षानुवर्षे कोणी साफ केले नाहीत, तर त्यांत गाळ भरतो. झाडांची मुळे सांध्यांत शिरतात. एक नळ फुटला, की पुढच्या सगळ्या नळांचे पाणी थांबते. पाणी थांबले, की पाट आटतात. पाट आटले, की झाडे वाळतात. राजाचे नाव इतिहासात राहिले. पण नळ साफ करणाऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. बाग मात्र त्याच्याच कामावर जगत होती.

सलाबतखानाचे काय झाले, तेही ऐका. नगरच्या पूर्वेला पाथर्डी रस्त्यावर एका डोंगराच्या माथ्यावर दगडी, आठ बाजूंची, तीन मजली इमारत आहे. दुरून ती सहज दिसते. लोक तिला ‘चांदबीबीचा महाल’ म्हणतात. पण तो चांदबीबीचा महाल नाही. ती सलाबतखानाची कबर आहे. ज्याने फराहबाग पुरी केली, त्याची कबर दुसऱ्याच्या नावाने ओळखली जाते. तुम्ही तिथे गेलात, तर बरोबरच्या माणसांना खरे नाव जरूर सांगा.

नगरमध्ये आणखी एक बाग होती. ती कोणा बादशाहने लावली नव्हती. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘भारत छोडो’ आंदोलन सुरू होताच इंग्रज सरकारने काँग्रेसच्या पुढाऱ्यांना मुंबईत पकडले. त्यांतल्या काहींना रेल्वेने नगरला नेऊन तिथल्या किल्ल्यात ठेवले. मुंबईहून घाटाकडे जाणारी ही रेल्वे कल्याणवरूनच जाते. मौलाना अबुल कलाम आझाद, पंडित जवाहरलाल नेहरू, सरदार वल्लभभाई पटेल, आचार्य नरेंद्र देव हे त्या कैद्यांत होते. किल्ल्यातली जमीन दगडगोट्यांनी भरलेली होती. कैद्यांनी ती खणली, वाफे केले आणि फुलझाडे लावली. नेहरूंनी तिथे ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला. मौलाना आझादांनी आपल्या मित्राला उद्देशून जी पत्रे लिहिली, ती १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. हे नाव तुम्ही उर्दूच्या तासाला ऐकले असेल. त्या पत्रांत फुले आहेत, चिमण्या आहेत, चहा आहे आणि नगरच्या किल्ल्याचा इतिहासही आहे. बंद दरवाजाच्या आत राहूनही माणसाला बाग करावीशी वाटते!

मित्रांनो, फराहबाग आज संरक्षित स्मारक आहे. अशा ठिकाणी गेल्यावर भिंतीवर नाव कोरू नका. पडक्या भिंतीवर किंवा गच्चीच्या कडेला चढू नका. खाऊचे कागद तलावाच्या खड्ड्यात टाकू नका. वही बरोबर न्या. महालाचे चित्र काढा आणि त्याच्या बाजू मोजा. तिथे काम करणारी माणसे भेटली, तर आदराने विचारा, “काका, पावसाळ्यात इथे पाणी साचते का? ते किती दिवस टिकते?” अशा प्रश्नांतूनच इतिहास उलगडत जातो.

नगरला जाणे लगेच जमले नाही, तरी हरकत नाही. आपल्या गावचा तलाव पाहायला निघा. त्याचे पाणी कुठून येते? कुठे जाते? त्याचा गाळ कोण काढते? ठाण्यातले कितीतरी तलाव पाहता पाहता बुजले आणि त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. पावसाची आपल्याकडे कमी नाही, म्हणून पाण्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही, असे आपल्याला वाटते. नगरच्या लोकांनी थेंब थेंब मैलोगणती चालवत आणला, तेव्हा कुठे एक बाग फुलली. आपल्या दारात आलेले पाणी आपण सांभाळतो का, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःलाच द्यायचे आहे.

शब्दांची ओळख

या पाठातले पुष्कळ शब्द तुम्हांला उर्दूतून माहीत आहेत. काही शब्द मराठीत जसेच्या तसे आले : बाग, कमान, नहर, इमारत. काहींचे रूप थोडे बदलले : ‘गुंबद’चा घुमट झाला, ‘तालाब’चा तलाव झाला आणि ‘हौज’चा हौद झाला. पुढील शब्द मात्र नवे असतील :
पर्जन्यछाया – डोंगरामुळे पाऊस कमी पडतो असा भाग
खाचर – भाताचे बांध घातलेले शेत
गिलावा – भिंतीवर दिलेला चुन्याचा थर
सांधा – दोन वस्तू जोडलेली जागा
ओसाड – जिथे वस्ती किंवा झाडे उरली नाहीत असे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) निजामशाहीची स्थापना कोणी केली?
(आ) फराहबागेचे काम कोणत्या साली पूर्ण झाले?
(इ) ‘फरहबख्श’ या शब्दाचा अर्थ काय?
(ई) ‘चांदबीबीचा महाल’ म्हणून ओळखली जाणारी इमारत खरी कोणाची आहे?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) घाट चढून गेल्यावर शेतांतली पिके बदलतात.
(आ) फराहबागेचा महाल उन्हाळ्यात थंड राहत असे.
(इ) महाल उभा राहिला. पण बाग नाहीशी झाली.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.
खापरी नळांतून पाणी दूरवर कसे नेत असत?

प्र. ४. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे दहा शब्द शोधून वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : तुमच्या परिसरातील एखादा तलाव, विहीर किंवा हौद पाहा. त्याची माहिती घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून मराठीत दहा ओळी लिहा.